सदोष मापन आणि कार्यकारण-अनुमान : वणी परिसरातील घरभाषेचा प्रश्न

दिंडोरी तालुक्यातील वणी हे सप्तशृंगी गडाच्या परिसरातील बाजाराचे गाव. मराठीबरोबरच बागलाणकडील अहिराणी आणि पश्चिमेच्या डोंगराळ भागातील कोकणा समाजाची बोली या परिसरात बोलली जाते. दीर्घ शालेय शिक्षणामुळे प्रमाण मराठी रूपांचा वापर वाढतो काय, हा प्रश्न अशा ठिकाणी वाटतो तितका सरळ नाही. घरभाषेचा परिणाम शिक्षणाचा काल आणि भाषिक रूपे या दोहोंवर होऊ शकतो. म्हणून घरभाषा समान असलेल्या व्यक्तींचीच परस्परांशी तुलना करावी, असा संकेत आहे.

परंतु घरभाषेची नोंद कितपत विश्वसनीय असते? जनगणनेत अहिराणीची गणना खानदेशीत होते. खानदेशी भाषकांची संख्या १९९१ मध्ये सुमारे ९.७ लाख, २००१ मध्ये २०.७ लाख आणि २०११ मध्ये १८.६ लाख नोंदली गेली. दहा वर्षांत झालेल्या दुपटीचा उलगडा केवळ जन्मदराने होत नाही. येथे बदलली ती मुख्यतः नोंद.

या दोषाचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठी घरांतील १०० व्यक्तींपैकी ८० आणि अहिराणी घरांतील १०० पैकी २० दीर्घ शिक्षित आहेत. शिक्षण कितीही असो, प्रमाण रूपाचा वापर पहिल्या गटात ९० टक्के व दुसऱ्यात ३० टक्के आहे. म्हणजे शिक्षणाचा परिणाम शून्य. तरीही घरभाषा न पाहता केलेल्या तुलनेत ३६ टक्क्यांचा फरक दिसतो. घरभाषेची अचूक नोंद असल्यास तो नाहीसा होतो. पण दर पाचांतील एक नोंद चुकीची असल्यास प्रत्येक गटात सुमारे २६ टक्के फरक शिल्लक राहतो. शिक्षितांनीच घरभाषा 'मराठी' सांगण्याची प्रवृत्ती असेल, तर दोषाची दिशाही सहज सांगता येत नाही.

केवळ नमुना वाढविल्याने हा दोष जात नाही. काही कुटुंबांत प्रत्यक्ष संभाषण ऐकून नोंदीतील चुकीचे प्रमाण ठरविणे आणि त्यानुसार आकडे दुरुस्त करणे, हा एक उपाय होय. दुसरा उपाय दोन स्वतंत्र मापनांचा. मात्र पिता व पुत्र दोघेही एकाच संकोचाने उत्तर देत असतील, तर ती मापने स्वतंत्र ठरत नाहीत.

येथे केवळ गणिताचा प्रश्न नाही. घराचे श्रेय शाळेला दिले गेले, तर अहिराणी मुलाला आरंभीच्या वर्गांत त्याच्या बोलीचा आधार हवा, ही गरजच दृष्टीआड होते.