गाडी हायब्रीड, रस्ता झाडीपट्टीचा

मूलला माझं राईस मिलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. रबर रोल, चाळण्या, एलिव्हेटरचे पट्टे, बेअरिंग असला माल. गिऱ्हाईक सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरीपासून वैनगंगेपलीकडे आरमोरी, वडसा, चामोर्शीपर्यंत पसरलेलं. धानाच्या हंगामात मिल बंद पडली की मालकाला वस्तू उद्या चालत नाही, आत्ता लागते. त्यामुळे गाडी ही माझ्या धंद्यातली चैन नाही. जुनी डिझेल गाडी पंधरा वर्षांच्या मुदतीला टेकली आहे आणि घरात हायब्रीडचा विचार चालला आहे. ही बातमी मिलच्या अंगणात पोहोचली, की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, त्या गाडीले चार्जिंगचा पिन कोठी लावता?"

पिन लावायचाच नसतो. हायब्रीड म्हणजे एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर. मोटरला लागणारी वीज गाडी चालता चालता स्वतःच तयार करते. आपण फक्त पेट्रोल भरायचं. मात्र शोरूममध्ये दोन वेगळ्या गोष्टींना हाच शब्द लावतात, तिथे कान उघडे ठेवायला हवेत. 'माइल्ड हायब्रीड'मध्ये लहानशी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते. एकट्या मोटरवर गाडी हलत नाही. मारुतीने २०१५ मध्ये डिझेल सियाझला अशी यंत्रणा बसवली, तेव्हा तिला केंद्राच्या 'फेम' योजनेतून सवलतही मिळाली. एप्रिल २०१७ पासून सरकारने माइल्डवाल्यांची ती सवलत काढून घेतली. 'स्ट्राँग हायब्रीड'मध्ये मोटर एकटीने गाडी ओढू शकते. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ सालीच आली, पण आपल्या मध्यमवर्गाच्या टप्प्यात ही गोष्ट आली ती २०२२ मध्ये, होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारामुळे. ग्रँड विटारा तर दोन्ही प्रकारांत मिळते. म्हणून कोटेशनवर 'स्ट्राँग' हा शब्द शोधायचा. पुढचं सगळं त्याच प्रकाराबद्दल.

या गाडीतली बॅटरी केवढी? ग्रँड विटाराची ०.७६ युनिट. विजेच्या बिलात आपण मोजतो तेच युनिट. नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ४५ युनिटची असते. यावरूनच कळतं की हायब्रीडची बॅटरी साठा करायला नाहीच. ती सतत भरते आणि सतत रिकामी होते. आपण ब्रेक लावतो तेव्हा मोटर उलट काम करते, जनरेटर होते, आणि एरवी ब्रेकमध्ये तापून वाया गेलेली ताकद बॅटरीत जाते. उसना तांदूळ करणारे मिलवाले धानाचं तूस फेकत नाहीत, बॉयलरमध्ये जाळून त्याच वाफेवर पुढचं धान शिजवतात. तसलाच हा हिशेब. दुसरी बचत इंजिनाच्या बनावटीत आहे. यातलं दीड लिटरचं इंजिन 'अ‍ॅटकिन्सन' पद्धतीचं, म्हणजे कमी पेट्रोलमध्ये जास्त काम काढणारं, पण सुरुवातीच्या जोराला अंमळ कमी. ती उणीव मोटर भरून काढते, कारण मोटर उभ्या जागेवरून पुरा जोर देते. इंजिन आणि मोटर यांच्यातली वाटणी गाडीचा संगणक करतो. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. माझ्या डाव्या गुडघ्याला हा मुद्दा मायलेजपेक्षा जास्त पटला आहे.

आता मायलेज. ग्रँड विटाराच्या कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटरचा आकडा आहे. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा, आपल्या रस्त्याचा नाही. सल्ला देणारे सांगतात की हायब्रीड शहरातच परवडते. कारण उघड आहे: समृद्धी महामार्गावर नागपूरहून मुंबईला एकाच वेगाने गेलात तर ब्रेक क्वचित लागतो, इंजिन जवळपास सारा वेळ चालतं आणि बचत आकसते. पण झाडीपट्टी हे शहरही नाही आणि तसला महामार्गही नाही. चंद्रपूरहून मूलला येताना रस्ता जंगलातून जातो. गुरं, गतिरोधक, संध्याकाळी रस्त्यावर आलेली चितळं. वेग चाळीस ते साठ, मध्येच वीस. घुग्घुस, बल्लारपूरकडे कोळशाच्या ट्रकांमागे रांगत जायचं, आष्टी-आलापल्लीच्या बाजूला सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे. असा मंद, अडखळता प्रवास हायब्रीडच्या पथ्यावर पडतो. उतारावर, गावातून, ट्रकामागे ती इंजिन बंद ठेवून मोटरवर सरकते. त्यामुळे 'शहरातली गाडी' हा शिक्का मला आपल्याकडे लागू वाटत नाही.

मग परवडते का? माझा हिशेब असा. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरते. आपल्या रस्त्यावर तेवढ्याच आकाराची साधी पेट्रोल गाडी लिटरला १५ देईल, हायब्रीड २२, आणि चांगली डिझेल साडेअठरा. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे सात रुपये, हायब्रीडचे पावणेपाच, डिझेलचे पाच. साध्या पेट्रोलपेक्षा हायब्रीड मला मिळालेल्या कोटेशनांत तीन लाखांच्या आसपास महाग आहे. वर्षाला २५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे दर वर्षी पंचावन्न हजार वाचतात, तीन लाख साडेपाच वर्षांत वसूल. दहा हजारच फिरणाऱ्याला तेरा वर्षं लागतील. आणि ज्याच्या दारात डिझेल आहे, त्याला इंधनात जवळपास काहीच फरक पडणार नाही. हे शेवटचं वाक्य विक्रेता कधी उच्चारत नाही. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने कुठल्याही पेट्रोल गाडीचं मायलेज थोडं उतरतं, हायब्रीडचंही.

सरकारकडूनही फार आशा धरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत या आकाराच्या हायब्रीडवर जीएसटी आणि सेस मिळून ४३ टक्के होता, आता ४० टक्के आहे. विजेच्या गाडीवर पाचच. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडची नोंदणी करमुक्त केली. महाराष्ट्राचं २०२५ चं धोरण मात्र विजेच्या गाडीचे लाड करतं, हायब्रीडचे नाही. रोड टॅक्सच्या हिशेबात ती पेट्रोलचीच गाडी.

मग विजेचीच का नको? चंद्रपुरात स्वतःच्या घराचं पार्किंग असेल आणि फिरणं शहरापुरतं असेल तर जरूर घ्यावी, हायब्रीडपेक्षा तीच स्वस्त पडेल. माझी अडचण वेगळी. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, पण मे महिन्यातल्या वादळात जंगलातल्या तारांवर झाड पडलं की गडचिरोलीच्या आतल्या गावांना त्या मेगावॉटचा उपयोग नसतो. आलापल्लीच्या पुढे चार्जरच्या भरवशावर जायची माझी तयारी नाही. ग्रँड विटारा हायब्रीडची टाकी ४५ लिटरची. मूलहून भामरागडला जाऊन परत येईपर्यंत पंप शोधावा लागत नाही.

आता ज्या गोष्टी माहितीपत्रकात नसतात किंवा बारीक अक्षरात असतात. पहिली, डिकी. बॅटरी मागे बसवल्यामुळे ग्रँड विटाराची ३७३ लिटरची जागा हायब्रीडमध्ये २६५ वर येते. माझ्यासारखीने मालाचे खोके सोबत नेऊन मांडून बघावेत. दुसरी, चारही चाकांना जोर देणारी व्यवस्था तिच्यात फक्त माइल्ड प्रकाराबरोबर मिळते. चिखलाच्या पांदणीतून रोज जाणाऱ्याने याचा विचार करावा. तिसरी, उंदीर. राईस मिलच्या आवारात उभी केलेली गाडी म्हणजे त्यांना आमंत्रण, आणि हायब्रीडमधल्या जास्त दाबाच्या नारिंगी केबलला गावातल्या मेकॅनिकने हातही लावायचा नसतो. बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, पण कुरतडलेली वायर त्या वॉरंटीत बसत नाही; विम्यात बसते का ते पॉलिसी घेतानाच विचारावं. चौथी, अनेक हायब्रीडमध्ये बॅटरी थंड ठेवायला आतली हवा ओढणारी जाळी असते. कोंड्याची धूळ तिथे बसते, आणि चंद्रपूरच्या सत्तेचाळीस अंशांत जाळी तुंबलेली असून चालणार नाही. उष्णता हा बॅटरीचा खरा शत्रू. दुपारची सावली शोधणं आलंच.

पाचवी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते: आवाज. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच बाया-माणसं टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला रस्त्याच्या कडेला येतात. त्यांचे कान इंजिनाच्या आवाजाला सरावलेले. वळणावर मोटरवर आलेली गाडी त्यांना उशिरा कळणार. तिथे वेग कमी करून हॉर्न द्यायचा, एवढी सवय चालवणाऱ्यालाच लावून घ्यावी लागेल. आणि पुराबद्दल: पेट्रोल इंजिनाने पाणी ओढलं की ते जातंच. पाणी पुलावर असेल तर गाडी कुठलीही असो, अलीकडेच थांबावं.

माझा कल हायब्रीडकडे झुकला आहे, पण इंधन वाचतं म्हणून नव्हे. डिझेलशी तो हिशेब बरोबरीतच सुटतो. सध्याच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यातली काजळीची गाळणी साफ व्हायला अधूनमधून सलग वेगाचा रस्ता लागतो, तो माझ्या वाट्याला क्वचित येतो. गुडघा आहेच. जड माल 'छोटा हत्ती' टेम्पोने पाठवायचा आणि मी तातडीचे भाग घेऊन जायचं, अशी वाटणी दुकानात करता येईल. सही मात्र चाचणी आपल्या रस्त्यावर झाल्याशिवाय नाही: मूल ते गडचिरोली, एसी लावून, मागे खोके भरून.

सावलीच्या एका मिलमालकाने माझं ऐकून हायब्रीड बुक करायची तयारी केली होती. वर्षाला किती फिरता, विचारलं. सात-आठ हजार, म्हणाले. त्यांना म्हटलं, भाऊ, साधी पेट्रोल घ्या आणि उरलेल्या तीन लाखांत मिलची चाळणी बदला, ती जास्त गरजेची आहे.