दोन वर्षांचा वाढीव अनुभव

शाळा उघडली की दाखला, बोनाफाईड, नावातली दुरुस्ती यासाठी पालकांची रीघ लागते. अलीकडे त्यात आणखी एक काम वाढले आहे. मुलगा सौदीला किंवा दुबईला अर्ज करतोय, त्याचा बायोडाटा इंग्रजीत लिहून हवा असतो. हिंगणघाट असो, पुलगाव असो की आर्वी, कोणत्याही मोहल्ल्यात आज असे घर सापडते. शिक्षिका म्हणजे हक्काची बाजी, म्हणून कागद आमच्यापुढे येतात. आणि लिहून होत आले की एक वाक्य हमखास कानावर पडते, "बाजी, तजुर्बा दो साल का है, चार साल लिख दो. एजंट ने बोला है."

मागणारी आई काही लबाड नसते. मुलगा आयटीआय करून मामूंच्या वर्कशॉपमध्ये राबलेला असतो, पगारपत्रक नाही, हजेरीपट नाही. तिला वाटते, काम तर त्याला येतेच, मग कागदावर चार लिहिले तर कुणाचे काय गेले? जाहिरातीत चार वर्षे मागितली आहेत, गल्लीतल्या दुसऱ्या मुलाने तसेच लिहिले आणि तो गेलासुद्धा.

पण आता दिवस बदलले आहेत. आखाती देशांत नर्स, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन यांची कागदपत्रे डेटाफ्लो नावाच्या कंपनीमार्फत तपासली जातात. ती कंपनी अर्जदाराला विचारत बसत नाही. ज्या कॉलेजने पदवी दिली, ज्या रुग्णालयाने अनुभवाचा दाखला दिला, त्यांनाच थेट विचारते. सेवाग्रामच्या रुग्णालयात मुलीने दोन वर्षे काम केले असेल तर उत्तर दोन वर्षांचेच येणार. उलटा अहवाल आला की तो तिच्या नावावर राहतो आणि पुढे खऱ्या कागदांवरही शंका घेतली जाते. वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक यांच्यासाठी सौदी अरेबियाने भारतातच कौशल्य चाचणी सुरू केली आहे. हातात टॉर्च देतात आणि जोड मारायला सांगतात. तिथे चार वर्षांचा कागद काय कामाचा?

आणि समजा, सुटला. पोहोचल्यावर फोरमन पाइपचे असे काम देतो, जे चार वर्षांच्या माणसाला यायलाच हवे. काम बिघडले तर पगार खाली येतो किंवा परत पाठवतात. एजंट तोवर दुसऱ्या मुलाचा बायोडाटा रंगवत असतो.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, दोन वर्षेच लिहू, पण पूर्ण लिहू. आपल्या मुलांचा खरा तोटा खोट्यात नाही, अर्धवट लिहिण्यात आहे. "वेल्डिंग वर्क, टू इयर्स" एवढ्यावर ओळ संपते. अरे, कोणते वेल्डिंग? आर्क की मिग की टिग? किती जाडीचा पत्रा? शेतीची अवजारे दुरुस्त केलीस, जिनिंगमधल्या मशीनचे काम केलेस, ट्रॉलीचा सांगाडा उभा केलास, ते लिही ना! दिवसाला किती तास, हाताखाली कुणी होते का, ड्रॉइंग वाचता येते का? असे लिहिले की दोन वर्षांची दहा ओळी होतात आणि मुलाखतीत त्यातल्या प्रत्येक ओळीचे उत्तर तोंडात असते. मामूंनी आपल्या लेटरहेडवर खऱ्या तारखांचे पत्र द्यावे, खाली चालू मोबाइल नंबर टाकावा. फोन आला तर मामूंचे आणि भाच्याचे उत्तर एकच असावे, हे सांगायची गरज पडू नये. पगार रोख घेण्याऐवजी आजपासून बँकेत घेतला तर पुढच्या वर्षी पासबुकच साक्ष देईल.

नावाचा घोळ हा आपल्या घरांतला खास विषय. दाखल्यावर शेख आधी, आधारवर शेख शेवटी, मार्कशीटवर अब्दुल तोडून लिहिलेले, पासपोर्टवर जोडून. परदेशातल्या बाबूला ही तीन वेगळी माणसे वाटतात. मूल शाळेत असतानाच ही दुरुस्ती करून घ्यावी. शाळा सुटल्यावर दाखल्यातले अक्षर बदलणे किती कटकटीचे असते ते मी रोज पाहते. आणि मार्कशीटवर पेनाने "जरा सुधारणे" म्हणजे अस्सल कागद आपल्या हाताने नकली करणे.

खोट्या मार्कशीटवरून आणखी एक गोष्ट. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का येतो. त्याला ठरावीक 18 देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते आणि त्यात सगळे आखाती देश आहेत. अनेकांना हा शिक्का म्हणजे बेइज्जती वाटते, मग दहावी पासची नकली मार्कशीट विकत घेतली जाते. वास्तविक तो शिक्का त्याच्या रक्षणासाठी आहे. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवानगी देताना करार पाहिला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा 10 लाखांचा अपघात विमा काढावाच लागतो. नकली कागदाने शिक्का टाळणारा हे सगळे गमावतो. दहावी करायची असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून खरीखुरी करा. दोन वर्षांचा मान्यताप्राप्त आयटीआय झाला असेल तरीही हा शिक्का लागत नाही, हे बऱ्याच घरांत ठाऊक नसते.

एजंटाबद्दल लिहायचे तर पाने पुरणार नाहीत, थोडक्यात सांगते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. तिथे नाव नसेल तर तो एजंट नाही, मग तो कितीही दीनदार दिसो की नात्यातला असो. नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येते, तेही पावती देऊन. यूएईच्या 2021 च्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कामगारावर टाकायलाच मनाई आहे. "अभी विझिट पे जाओ, वहाँ जाके कन्व्हर्ट हो जाएगा" असे कुणी म्हणाला तर उठून यावे.

इथवर दुसऱ्यांच्या लबाडीचे झाले. आता आपल्या वागण्याचे.

हजरत मूसा अलैहिस्सलाम मदयनला पोहोचले तेव्हा परके होते, खिसा रिकामा होता. तिथे त्यांना काम मिळाले ते मुदत ठरवून, आठ वर्षे, आणि दहा पूर्ण केली तर ती त्यांची खुशी. सूरह कससमध्ये हा प्रसंग आहे. परदेशातल्या नोकरीचा करार याहून स्पष्ट काय असेल? मुदत आधी ठरली, सक्तीचे किती आणि मर्जीचे किती तेही ठरले, मग दोघे बांधले गेले.

आपली मुले मात्र करार न वाचता सही करतात आणि तो मोडायलाही तितकीच मोकळी असतात. एका कंपनीला होकार कळवायचा, तिने व्हिसाचे काम सुरू केले की दुसरीकडून 200 दिरहम जास्त आले म्हणून फोन बंद करून बसायचे. याला हुशारी म्हणतात! जायचे नसेल तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकावा. त्या कंपनीतला माणूस पुढच्या वेळी वर्ध्याचे नाव वाचून फाइल बाजूला ठेवणार नाही. यूएईत प्रोबेशनच्या काळात तिथेच दुसरी नोकरी धरायची असेल तर एक महिन्याची लेखी सूचना द्यावी लागते आणि देश सोडायचा असेल तर 14 दिवसांची. न सांगता निघून गेल्यास परमिटवर बंदी येऊ शकते. इथल्या मालकालाही नीट सांगून निघावे. त्याच्याच पत्रावर तर तिकडे जाणार आहोत.

व्हिडिओ मुलाखतीत मोबाइलच्या मागे उभे राहून उत्तरे सांगणारे भाईजान, कृपा करून बाहेर बसा. समोरच्याला मुलाची नजर कुठे जाते ते दिसते. इंग्रजी तुटके असले तरी चालते, उत्तर त्याचे स्वतःचे हवे.

मुलींसाठी जर्मनीचे दारही उघडते आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंग आहे. या वाटेने जाणारीने सबुरी ठेवावी, कारण नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे बी-2 पातळीची जर्मन लागते आणि ती यायला वर्ष-दीड वर्ष सहज जाते. भाषेचे सर्टिफिकेट मिळवून देतो म्हणणारे इथेही भेटतील. वॉर्डातली आजी रात्री तीन वाजता छातीत कळ येते म्हणून काय सांगते आहे, ते समजायला सर्टिफिकेट उपयोगी पडत नाही.

जाण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, करार आणि विम्याची एकेक प्रत अम्मीच्या हातात द्या, फक्त मोबाइलमध्ये नको. कंपनीचा पत्ता आणि सोबत जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरचा नंबर त्याच लिफाफ्यात. प्रवासी भारतीय साहाय्य केंद्राचा मोफत क्रमांक 1800 11 3090 हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.