भूतकालीन घटनाक्रम : मराठी व इंग्रजी कथनातील एक भेद

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याचा इतिहास मराठीत असा सांगता येतो : ‘१८८५ साली इंग्रज राजाला कैद करून मद्रासला नेतात व १८८६ साली रत्नागिरीस आणतात, १९१० साली तो नव्या राजवाड्यात राहावयास जातो आणि १९१६ साली मरण पावतो.’ सर्व घटना भूतकालीन असूनही क्रियापदे ऐतिहासिक वर्तमानात आहेत. शिवाय ‘करून’ या धातुसाधिताने पूर्वघटना उत्तरघटनेत गुंफली आहे.

इंग्रजी इतिहासकथनाची सर्वसामान्य रीत निराळी आहे. तेथे ‘टुक’, ‘ब्रॉट’, ‘मूव्हड’, ‘डाइड’ अशी साध्या भूतकाळाची रूपे ओळीने येतात आणि वाक्यांचा क्रम हाच घटनांचा क्रम मानला जातो. ‘हॅड’युक्त पूर्ण भूतकाळ मुख्यतः हा क्रम सोडून मागे वळताना लागतो, उदाहरणार्थ, राजवाड्यातील प्रवेश सांगितल्यानंतर त्याआधीच्या वास्तव्याचा उल्लेख करावयाचा असेल तेव्हा.

मराठी भाषकाची गल्लत नेमकी येथे होते. ‘राजा १८८६ साली रत्नागिरीस आला होता’ हे मराठी वाक्य स्वयंपूर्ण आहे. ‘होता’मुळे घटना मागे पडल्याचे सूचित होते, एवढेच. त्याचे भाषांतर ‘हॅड कम’ असे केल्यास इंग्रजी वाचक त्यानंतरच्या एखाद्या घटनेची अपेक्षा करू लागतो आणि ती न आल्याने घोटाळ्यात पडतो. दोन्ही व्याकरणांत ‘पूर्ण भूतकाळ’ ही संज्ञा असली, तरी तिचे कार्य एक नाही. भाषांतरकाराने संज्ञेचे साम्य नव्हे, तर कथनातील कार्य प्रमाण मानावे, हेच यातून निष्पन्न होते.