तांबी बसली, मग निरोध का सुटला?



दिवाळी झाली की मुरबाड, शहापूरकडची कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर पोट भरायला कल्याणच्या आसपास येतात. विठ्ठलवाडीत राहून मी त्यांच्या वस्त्यांवर जाते. गेल्या हिवाळ्यात एका बहिणीने मला बाजूला घेतले. दोन लेकरांची आई, दुसऱ्या बाळंतपणानंतर तांबी बसवलेली. "ताई, अंगावरून पांढरं जातं, आग होते. तांबी खराब झाली का? काढून टाकू?"

डॉक्टरांनी तपासले. तांबी जागेवर होती. त्रास संसर्गाचा होता आणि औषध नवऱ्यानेही घ्यायला हवे होते. तो ट्रकवर क्लीनर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. पूर्वी आशाताईंकडून निरोध घेत असत. "मग बंद का केला?" मी विचारले. ती म्हणाली, "आता दिवस जायची भीती नाही, मग कशाला?"

हे उत्तर मी अनेक घरांत ऐकले आहे. परदेशातही असेच दिसते. अमेरिकेतील शाळकरी मुलींच्या 2013 च्या पाहणीवर आधारित अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्या घेणाऱ्या मुलींपेक्षा तांबी किंवा दंडातील इम्प्लांट वापरणाऱ्या मुलींमध्ये निरोधाचा वापर सुमारे 60 टक्के कमी आढळला. तेवढ्यावरून तांबीमुळेच निरोध सुटतो असे सिद्ध होत नाही, आणि त्या मुलींची परिस्थिती आपल्या विवाहित बहिणींसारखी नाही. तरी कारण समजण्यासारखे आहे. गोळी चुकण्याची धास्ती असते, तांबीला ती नसते.

पाळणा लांबवण्यासाठी तांबी उत्तमच. तांबी वापरणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वर्षभरात एकीलाही क्वचितच दिवस जातात. नुसत्या निरोधावर, रोजच्या वापरातल्या चुका धरून, सुमारे तेरा जणींना जातात. सरकारी 'अंतरा' इंजेक्शनही तीन महिने काम करते. पण गरमी, परमा, एचआयव्ही यांना तांबी अडवत नाही, इंजेक्शन अडवत नाही, कुटुंब नियोजनाचे ऑपरेशनही अडवत नाही. ते काम निरोधच करतो.

आफ्रिकेतील चार देशांत 7,829 स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. त्यात तीन महिन्यांचे इंजेक्शन, तांबी आणि इम्प्लांट यांची तुलना होती. एचआयव्हीच्या धोक्यात त्यांच्यात मोठा फरक आढळला नाही. मात्र तिन्ही गटांत मिळून 397 स्त्रियांना लागण झाली. म्हणजे दोष साधनाचा नव्हता. रोगापासून संरक्षणाची वेगळी गरज तशीच राहिली होती.

आपल्या र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्यांनी संततिनियमनावर लिहिले आणि गुप्तरोगांपासून बचावावर वेगळे पुस्तक लिहिले. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी हे दोन प्रश्न वेगळे ओळखले होते. आपण अजून ते एकात मिसळतो.

बाईच्या बाजूने पाहिले तर अडचण आणखी खोल आहे. "मला आत्ता मूल नको" असे सांगून ती निरोध मागू शकत होती. त्यात कुणाचा अपमान नव्हता. तांबी बसली की हे कारण संपते. त्यानंतर निरोध मागणे म्हणजे "तुमच्यावर विश्वास नाही" असे म्हणणे. परक्या गावात, झोपडीत, हे बोलायचे धैर्य कुठून आणावे?

मंडळीत हा विषय निघाला की माना खाली जातात. "निरोध वाटणे म्हणजे अविश्वासूपणाला मोकळीक नाही का?" असेही मला विचारतात. लग्नातला विश्वासूपणा आपण शिकवतोच, शिकवलाच पाहिजे. पण विश्वासू राहिलेल्या बायकोलाही आजार होतो, आणि पोटातल्या बाळाला गरमी किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. त्यांना वाऱ्यावर सोडणे हा धर्म नव्हे.

म्हणून आता तांबीसाठी बहिणीला दवाखान्यात नेतो तेव्हा आम्ही दुसरा प्रश्नही विचारतो: "रोगापासून बचावाचं काय ठरवलंय?" पांढरे जाणे दरवेळी लैंगिक आजारच असतो असे नाही, म्हणून आधी तपासणी. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. 2017 च्या कायद्याने त्यासाठी संमती लागते आणि माहिती गुप्त ठेवावी लागते. 1097 या मोफत क्रमांकावर सल्लाही मिळतो.

त्या बहिणीने तांबी काढली नाही. नवरा मात्र तपासणीला येईना. माझे त्याने ऐकले नसते. आपल्या मंडळीतले एक बंधू दोन रविवार भट्टीवर जाऊन त्याच्याजवळ बसले, तेव्हा तो आला आणि दोघांनी औषध पूर्ण केले. बायकांशी बोलायला आम्ही आहोत. पुरुषांशी बोलायला असे आणखी बंधू हवे आहेत. येत्या हंगामात कोण येईल?