इफ्तारच्या ताटातले मीठ

रोजा सोडताना खजुरानंतर हात जातो तो कापलेल्या फळांकडे. त्यावर काळे मीठ किंवा चाट मसाला भुरभुरलेला असतो. शेजारच्या घरी एकादशीला सैंधव निघते. दोन्हीकडे समज एकच, हे मीठ ‘हलके’. प्रत्यक्षात दोन्ही बहुतांश सोडियम क्लोराइडच. इतर खनिजे इतकी थोडी, की त्यांचे पोषण नगण्य. उलट पाकिटातल्या साध्या मिठात मिसळलेले आयोडीन त्यांत सहसा नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराच्या आत मीठ खावे. सहरीला पापड-लोणचे आणि इफ्तारला भजी झाली की ही मर्यादा सहज ओलांडते. सहरीच्या खारट घासाने दिवसा तहान वाढते. रक्तदाबाच्या रुग्णांना तर धोकाच.

चवीसाठी लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरी, पुदिना आहेतच. चिमूटभर घेतले तर त्यांत सोडियम नावापुरते. लिंबातले क जीवनसत्त्व उकडलेल्या हरभऱ्यातले लोह अंगी लागायलाही मदत करते. रोजचे मीठ आयोडीनयुक्त असावे. रोजा असो वा उपवास, घालताना हात मात्र आखडता.