गाण्याच्या पोटात गाणे

ज्याच्या गुणांच्या मानाने जगाने ज्याची दखलच घेतली नाही अशा एखाद्या रॉक बँडचा परिचय करून द्यावा, असे संपादकांनी कळविले, तेव्हा कॅनडातील ‘द ट्रॅजिकली हिप’शिवाय दुसरे नाव माझ्या मनात आलेच नाही. स्वदेशात घरोघर ज्यांची गाणी तोंडपाठ, त्यांचे नाव अमेरिकेत डेट्रॉइट-बफेलोसारखी सरहद्दीलगतची शहरे ओलांडली की फारसे कोणाला ठाऊक नसावे, ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते.

दप्तरी इतिहास थोडक्यात सांगता येतो. ऑन्टॅरिओ प्रांतातील किंग्स्टन या चुनखडीच्या दगडांनी बांधलेल्या जुन्या शहरात १९८४ साली हा बँड उभा राहिला. गायक गॉर्ड डाउनी, गिटारवर रॉब बेकर आणि पॉल लँग्लवा, बेसवर गॉर्ड सिंक्लेअर, ड्रमवर जॉनी फे, असे पाच जण १९८६ पासून अखेरपर्यंत एकत्र राहिले आणि गाण्यांचे श्रेयही त्यांनी पाचांच्या नावे समाईक ठेवले.

त्यांच्या गाण्यांत स्वतःच्या मुलखाची हकीकत येते. १९५१ साली टोरंटोच्या संघाला हॉकीचा स्टॅनले चषक मिळवून देणारा गोल बिल बॅरिल्को या खेळाडूने केला, त्याच उन्हाळ्यात मासेमारीहून परतताना तो विमानासह बेपत्ता झाला, आणि पुढे १९६२ साली त्या संघाने पुन्हा चषक जिंकल्यानंतर काही आठवड्यांनी त्याचे अवशेष अरण्यात सापडले. एवढा मजकूर ‘फिफ्टी मिशन कॅप’ या १९९२ च्या गाण्यात मावला आहे. परदेशी श्रोत्याला हा संदर्भ लागणार नाही म्हणून तो वगळावा, असा हिशेब या मंडळींनी कधी केला नाही.

परंतु ज्या एका गोष्टीने मला या बँडशी कायमचे बांधून टाकले, ती त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत नाही. ती रंगमंचावर घडत असे. ‘न्यू ऑर्लीन्स इज सिंकिंग’ हे त्यांचे १९८९ मधील गाणे मैफलीत रंगात आले, की चौघे वादक एकच ठेका धरून घुमत राहत आणि डाउनी मूळ शब्द सोडून भलत्याच कथेत शिरे. कीर्तनकाराने अभंगाचे निरूपण चालू असता मध्येच एखादे आख्यान लावावे, तसा. लॉस एंजेलिसच्या रॉक्सी थिएटरात मे १९९१ मध्ये मुद्रित झालेल्या मैफलीत तो किलर व्हेलची टाकी घासणाऱ्या नोकराची गोष्ट सांगतो. गोष्टीतले भय वाढते तसा त्याचा आवाज चढतो, आणि वादक त्याच्या श्वासाकडे कान लावून कधी माघार घेतात, कधी उसळतात. अखेरीस सर्व जण एकदम मूळ गाण्यावर येतात, तेव्हा समेवर आल्याचा आनंद श्रोत्याला होतो.

हा केवळ विलास नव्हता. हाच त्यांचा कारखाना होता. याच मधल्या मोकळ्या जागेत ‘नॉटिकल डिझास्टर’ आणि ‘अहेड बाय अ सेंच्युरी’ ही गाणी श्रोत्यांसमक्ष रुजली, वाढली आणि मग ध्वनिमुद्रिकांत स्थिरावली. यांपैकी पहिल्या गाण्याला ध्रुवपद नाही. बुडणाऱ्या माणसांचे एक दुःस्वप्न ते सलग सांगत जाते. मार्च १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या लोकप्रिय कार्यक्रमात अमेरिकेच्या प्रेक्षकांसमोर येण्याची दुर्मीळ संधी मिळाली, तेव्हा त्यांनी सादर केलेल्या दोन गाण्यांत हे एक होते. एखादे सोपे गाणे निवडून बाजारपेठ जिंकावी, असे त्यांना वाटले नाही, याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये डाउनीच्या मेंदूत असाध्य अर्बुद आढळले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. पण ज्याच्या स्मृतीतून प्रत्येक मैफलीत नवे आख्यान उसळत असे, त्याच्याच स्मृतीला या आजाराने घाव घातला. स्वतःच्या गाण्यांचे शब्दही त्याला आठवेनात. तरीही २०१६ च्या उन्हाळ्यात बँडने व्हिक्टोरियापासून दौरा सुरू केला, आणि डाउनी समोरच्या पडद्यांवर उमटणारे शब्द पाहून गायला. २० ऑगस्टला किंग्स्टनमध्ये अखेरची मैफल झाली. सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने केलेले तिचे प्रक्षेपण १ कोटी १७ लाख लोकांनी, म्हणजे देशाच्या सुमारे एकतृतीयांश लोकसंख्येने, पाहिले-ऐकले. पंतप्रधान जस्टिन ट्रुडो प्रेक्षकांत बसले होते. त्यांच्या उपस्थितीचा लाभ घेऊन डाउनीने उत्तरेकडील आदिवासींच्या दुःस्थितीकडे राष्ट्राचे लक्ष वेधले. मैफलीचा शेवट झाला ‘अहेड बाय अ सेंच्युरी’ने. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, डाउनी निवर्तला.

ज्या गायकाची खरी निर्मिती ऐन गाताना होत असे, त्याला पडद्यावरचे शब्द वाचून गावे लागावे, यासारखा क्रूर योग नाही. आणि तो योग पत्करून तो उभा राहिला, यातच त्याच्या कलेची निष्ठा दिसते. ज्या वाचकांनी हा बँड ऐकलेला नाही, त्यांना माझी विनंती एवढीच, की प्रारंभ लोकप्रिय गाण्यांच्या संग्रहाने करू नये. नोव्हेंबर १९९६ मध्ये डेट्रॉइट येथे मुद्रित झालेली आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेली ‘लाइव्ह बिट्वीन अस’ आधी ऐकावी, मग रॉक्सीची मैफल ऐकावी. या बँडची थोरवी त्यानंतर कोणी समजावून सांगावी लागणार नाही.