एका प्लॅनमध्ये दोन उंचीच्या फरशा दाखवायच्या कशा?

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण घर घेताना तो थेट आजीच्या गुडघ्यांपर्यंत पोचतो. विषय असा: घरात हॉल खाली आणि बेडरूम चार-पाच फूट वर असेल, तर दोन्ही एकाच प्लॅनवर कसं दाखवायचं?

आधी प्लॅन म्हणजे काय ते बघू. आपल्याला वाटतं, छप्पर उचललं आणि वरून फोटो काढला. तसं नाहीये. प्लॅन म्हणजे आडवा काप. फरशीपासून साधारण १.२ मीटरवर घर सुरीने आडवं कापायचं, वरचा भाग बाजूला ठेवायचा आणि खाली बघायचं. हीच उंची का? कारण तिथे दार कापलं जातं, बहुतेक खिडक्या कापल्या जातात आणि ओटा, बेड हे सगळं खाली दिसत राहतं. रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरच्या मेट्रिक टेम्प्लेटमध्येही ही उंची १२०० मिलिमीटरच ठेवलेली असते.

आता एक स्प्लिट लेव्हल घर घ्या. हॉलची फरशी शून्यावर. बेडरूमची फरशी १.५ मीटर वर, आणि बेडरूमच्या खाली पार्किंग. काप १.२ मीटरवर घेतला तर काय होईल? हॉल छान दिसेल. पण बेडरूमच्या बाजूला सुरी बेडरूमच्या फरशीखालूनच जाते! म्हणजे बेडरूमच्या जागी पार्किंग दिसणार.

बरं, मग काप वर नेऊ. बेडरूमच्या फरशीपासून १.२, म्हणजे शून्यापासून २.७ मीटर. बेडरूम आली, पण हॉल बिघडला. दार साधारण २.१ मीटर उंच असतं. काप त्याच्या वरून गेला, की दाराच्या जागी सलग भिंत दिसते. खिडक्यांचंही तेच. थोडक्यात, अशा घरात एक सपाट काप पुरतच नाही.

उपाय सोपा आहे: कापालाच पायरी द्यायची. हॉलवर १.२, बेडरूमवर २.७. हाताने काढणारे ड्राफ्ट्समन हे मनातच करतात. रेव्हिटमध्ये यासाठी ‘प्लॅन रीजन’ आहे. व्ह्यू टॅबमध्ये जायचं, प्लॅन व्ह्यूजमधून प्लॅन रीजन निवडायचं, बेडरूमभोवती बंद चौकट काढायची आणि तेवढ्या चौकटीपुरती कापाची उंची बदलायची. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दोन रीजनच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या चालतात, पण रीजन एकमेकांवर चढलेली चालत नाहीत. दोन, मधला जिना वरच्या चौकटीत घ्या आणि ‘व्ह्यू डेप्थ’ हॉलच्या फरशीपर्यंत खाली न्या. मग सगळ्या पायऱ्या पूर्ण दिसतात, नाहीतर जिना मध्येच तुटतो.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे फंक्शनसारखं दिसतं. प्लॅनवरच्या प्रत्येक बिंदूला एकच उंची देता येते. शेजारी-शेजारी असलेल्या वेगळ्या उंचीच्या खोल्या एका प्लॅनवर आरामात बसतात. पण एकावर एक असलेल्या दोन फरशा नाही बसत. त्यासाठी दुसरा प्लॅन लागतो, आणि सोबत एक उभा छेद, म्हणजे सेक्शन. खालचा मजला फिकट रंगात मागे दाखवता येतो, पण तो फक्त संदर्भासाठी.

याचं आपल्याकडचं झकास उदाहरण म्हणजे मुंबईची कांचनजंगा इमारत. चार्ल्स कोरियांनी आखलेली, १९८३ मध्ये पूर्ण झालेली. २८ मजले आणि फ्लॅट मात्र ३२. तीन ते सहा बेडरूमचे फ्लॅट एकमेकांत अडकवलेले, आतल्या फरशांच्या उंचीत फरक, कोपऱ्यात दुप्पट उंचीच्या गच्च्या. अशी इमारत नुसता एका मजल्याचा प्लॅन बघून कळत नाही. सेक्शन हातात घेतला, की कोडं सुटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काप बरोबर घेतला, तरी कागद सपाटच असतो. दोन खोल्यांमधली एक रेघ म्हणजे फरशीचा सांधा आहे की तीन पायऱ्यांची उतरण, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून प्रत्येक खोलीत लेव्हल लिहायची: ±०.००, +१.५०, बाथरूमला −०.०२ वगैरे. आणि शून्य नेमकं कुठलं, तेही प्लॅनवर सांगायचं. रस्ता, जोतं, की हॉलची फरशी?

हे आकडे हाताने टाइप करू नका. कोडमध्ये किंमत हार्डकोड केल्यासारखं होतं ते. मॉडेलमध्ये फरशी वर-खाली झाली, तरी टाइप केलेला आकडा जुनाच राहतो, आणि साइटवर स्लॅब त्या जुन्या आकड्याप्रमाणे पडतो. ‘स्पॉट एलेव्हेशन’ वापरलं, तर आकडा फरशीवरूनच उचलला जातो आणि तिच्यासोबत बदलतो.

आणि तुम्ही घर घेणार असाल, तर? ब्रोशरमधल्या प्लॅनवर लेव्हल लिहिलेल्या नसतील, तर सरळ मागा. समजा लिफ्टपासून दारापर्यंत ४५० मिलिमीटरचा फरक आहे. तरुण माणसाला त्या तीन पायऱ्या. पण व्हीलचेअरसाठी एकास बारा उताराचा रॅम्प करायचा, तर ५.४ मीटर लांबी लागते. तेवढी जागा तिथे आहे का, हे बुकिंगच्या आधी कळलेलं बरं. लॉबी नंतर लांब करता येत नाही ना!

तर यापुढे कुठलाही प्लॅन हातात आला, की लांबी-रुंदीच्या आधी अधिक-उण्याचे आकडे शोधा. आज इथेच थांबतो. घरच्या प्लॅनवर काय सापडलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!